अर्धी गोळी

माझ्या बायकोला वाटतं, तिला माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे. इतक्या वर्षांच्या संसारात तसं वाटणं साहजिक आहे. पण ही एक गोष्ट तिलाही ठाऊक नाही. भावाला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हासुद्धा मी ती मनातल्या मनात कधी पूर्ण वाक्यात म्हटलेली नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. समोर असतात तर सांगितलं असतं का? नाही. हेही आधीच लिहून ठेवतो.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंग बनवणाऱ्या एका कंपनीत काट्यावर आहे. कुठल्या बॅचमध्ये कुठला माल किती जाणार, तो माझ्या समोर तोलून जातो. राहतो कात्रपला, फ्लॅटमध्ये; पण मूळ घर मोरिवलीचं. तिथे माझा थोरला भाऊ विलासदादा आणि सुनंदावहिनी राहतात. आईही त्यांच्याकडेच असायची. आमच्या नात्यात कुणाला काही मोजायचं असलं, पडताळायचं असलं, की माझं नाव निघतं. लग्नात किती किलो तांदूळ लागतील, म्हाताऱ्याला औषध कितीला द्यायचं — ‘सुरेशला विचारा, तो चुकायचा नाही.’ हे ऐकायची मला सवय लागली होती. सवय कसली, चटक.

आईच्या हृदयाची एक झडप बदललेली होती. धातूची नवी झडप होती ती. शांत खोलीत तिच्या शेजारी बसलं की घड्याळासारखी टिकटिक ऐकू यायची. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरण्याचा धोका असतो, म्हणून तिला रोज संध्याकाळी एक गोळी होती. लोक तिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. रक्त पातळ वगैरे काही होत नाही. मी हे सगळं शिकून घेतलं होतं. रक्त गोठायला डझनभर घटक लागतात, बहुतेक प्रथिनंच, आणि त्यांना आकड्यांची नावं आहेत. एक जागा झाला की तो दुसऱ्याला जागा करतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत शेवटी रक्ताचं जाळं विणलं जातं. यातले दोन, सात, नऊ आणि दहा नंबरचे घटक यकृतात तयार होतात, आणि ‘के’ जीवनसत्त्व नसेल तर ते कुचकामी निघतात. गोळी त्या जीवनसत्त्वाची वाट अडवते. आणि पालेभाजीत तेच जीवनसत्त्व भरपूर असतं. म्हणून तपासणी करून एक आकडा सांभाळायचा. आईचा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव.

आकडा सांभाळायचा — म्हणजे काम कुणाचं? माझंच.

दर रविवारी मी मोरिवलीला जायचो आणि सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी भरायचो. रक्त द्यायला आईला उल्हासनगरला कॅम्प दोनच्या लॅबमध्ये न्यायचो. तिथला सिंधी मालक आम्हाला बघून हसायचा. “आओ साईं, मम्मी का खून अब मम्मी से ज़्यादा हमारे पास है.” आईला हिंदी फार कळायचं नाही, पण ती हसायची. डॉक्टर एकदा म्हणाले होते, “तुम्ही तर अर्धे डॉक्टर झालात.” पुढे त्यांनी आणखी एक वाक्य सांगितलं होतं. डोस मात्र स्वतःहून कधी बदलू नका, मला फोन करा. दोन्ही वाक्यं मी ऐकली. त्यातलं कुठलं मी जपून ठेवलं, ते तुम्हाला कळलंच असेल.

भाजीचं म्हणाल तर, डॉक्टरांनी बंद करा असं सांगितलंच नव्हतं. दर आठवड्याला साधारण सारखी खाऊ दे, एवढंच. पण सारखी म्हणजे किती? वहिनीच्या हाताच्या वाटीचं माप मला देता येत नव्हतं. म्हणून मी ती बंदच करून टाकली. आई शेतातली बाई, पावसाळ्यात टाकळा-कुर्डू खाऊन वाढलेली. ती वैतागायची. “तुझी बायको मापानं भात वाढते, नि तू मापानं गोली. माझं पोट काय कंपनीचा काटा हाय?” मी हसायचो. तिच्या वैतागातही मला माझं कौतुकच ऐकू यायचं.

आता जवळ येतो. किती वेळ दारातच घुटमळतो आहे, मलाही दिसतंय.

त्या वर्षी श्रावणाच्या मध्यावर आईला ताप येऊन गेला. त्यासाठी तिने औषधाचा कोर्स घेतला. नंतर तिच्या दंडावर निळा डाग दिसला, म्हणून तपासणी केली, तर आकडा चार पूर्णांक सहा. मी फोन हातात घेतला. डॉक्टरांचा नंबर समोर होता. आणि मी फोन खिशात ठेवला. का? अडचण काही नव्हती. दुपारची वेळ, रेंज होती, डॉक्टर फोन उचलायचे. मला वाटलं, एवढं मला कळतं. आकडा वर गेला, तर गोळी कमी करायची. काट्यावर माल जास्त पडला तर काढायचा, तसं.

दोन दिवस गोळी बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी, आकडा तीन पूर्णांक नऊ. माझ्या मते तो पुरेसा उतरला नव्हता. मग मी पुढच्या सगळ्या कप्प्यांतल्या गोळ्या मधोमध तोडल्या आणि अर्धी-अर्धी भरली.

इथे माझी चूक काय, ते मला नंतर वाचून कळलं. कळायला तसं अवघड नव्हतं. आज दिसणारा आकडा आजच्या गोळीचा नसतो. बंद केलेली गोळी दोन-तीन दिवस अंगात रेंगाळते, आणि यकृताला नवे घटक बनवून द्यायला त्याहून वेळ लागतो. सात नंबरचा घटक काही तासांत येतो-जातो, दोन नंबरचा दिवसच्या दिवस टिकतो. म्हणजे मी तिसऱ्या दिवशी जो आकडा बघून घाबरलो, तो उतरतच होता. मुळात तो चढला होता तापाच्या औषधाने; ते संपल्यावर तो आणखी उतरणारच होता. त्यात मी गोळी अर्धी केली. काट्यावर माल टाकला की सुई लगेच हलते. आयुष्यभर मी तेवढंच पाहिलं होतं.

आठवड्याने तपासणी करायची, असं ठरवलं होतं. आठवडा संपला तो गणपतीच्या धावपळीत. मूळ घरचा गणपती मोरिवलीला असतो; मखर, लायटिंग, पाहुणे. उद्या करू, परवा करू; रविवारी डबी मात्र पुन्हा अर्ध्या-अर्ध्यांनीच भरली. चतुर्थीला लॅब बंद.

आईने मात्र गोळी हातावर घेऊन विचारलं होतं. गणपती आणायच्या आदल्या दिवशी. “गोली अर्दीच कशी रं? बाकीची कुठं गेली?” मी म्हणालो, “तुझा आकडा चढलाय, म्हणून. दादाला नको सांगूस, उगाच घाबरेल.” तिने मान डोलावली. माझ्यावर तिचा भरवसा होता. हे मान डोलावणं लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. आमच्याकडे त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. अळू, लाल माठ, भोपळा, शिराळं, मक्याचे तुकडे, सगळं एकत्र शिजवून ऋषीची भाजी करतात. अळू वहिनीने घरामागे, मोरीच्या पाण्यावर लावलेलं. तिने सकाळी मला फोन करून विचारलं, आईंना दिली तर चालेल का? मी म्हणालो, “एक चमचा. चवीपुरती.” आईने दोन वाट्या मागून घेतल्या, आणि वहिनीने दिल्या. वर्षाचा सण, सासू मागते आहे, कोण नाही म्हणेल?

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी चहा घेताना आईच्या उजव्या हातातून कप पडला. तोंड वाकडं झालं. बोलायला गेली, तर नुसता आवाज. झडपेवरची गुठळी सुटून मेंदूत गेली होती.

उल्हासनगरच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. आकडा एक पूर्णांक तीन. तिथली तरुण डॉक्टरीण विचारत होती, मी उत्तरं देत होतो. अर्थात मीच, दुसरं कोण देणार? गोळी रोज घेतात? हो. किती? मी पूर्ण डोस सांगितला. मध्ये काही बदल केला होता?

माझ्या मागे दादा उभा होता. त्याच्या मागे वहिनी, गणपतीतलीच साडी नेसलेली. मी म्हणालो, “नाही.”

एवढंच. एक शब्द. पुष्कळदा वाटतं, तो शब्द मी बोललो नाही, तोंडातून पडला. पण तसं नाही. तो मी निवडला. विचारल्यापासून उत्तर देईपर्यंत माझ्याकडे वेळ होता, आणि त्या वेळात मी आईचा नाही, माझा विचार केला.

“खाण्यात काही बदल? पालेभाजी?” — आणि मी काही बोलायच्या आत वहिनी पुढे आली. “मी दिली. भाऊजी एक चमचा म्हणाले होते. मी दोन वाट्या दिल्या.” ती रडत नव्हती. सगळं नीट, अगदी मोजून सांगत होती, माझ्यासारखं. दादाने तिच्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. त्याने मला विचारलं, “दोन वाट्यांनी एवढं होतं?”

हाच तो क्षण. मला माहीत होतं. दोन वाट्या भाजीने आकडा थोडा उतरला असेल. इथवर उतरत नाही. या घरात हे फक्त मला माहीत होतं, आणि म्हणूनच विचारलं मला. मी म्हणालो, “होऊ शकतं.”

त्या दुपारी आईचे कपडे आणायच्या निमित्ताने मी एकटा मोरिवलीला गेलो. डबी मखराच्या बाजूला फडताळात होती. उरलेल्या कप्प्यांतले अर्धे तुकडे मी काढले, मोरीत टाकले, वर तांब्याभर पाणी ओतलं, आणि कप्प्यांत आख्ख्या गोळ्या भरून ठेवल्या. कुणी डबी बघायला मागितली नाही. माझ्या शब्दावर पुरावा मागायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

याचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं, नाहीतर कबुली अर्धीच राहील. मी सांगितलं होतं की पूर्ण गोळी चालू असूनही आकडा खाली गेला. म्हणून काही दिवसांनी गोळी पुन्हा सुरू करताना त्यांनी ती वाढवली. आकडा पाचाच्या वर गेला. आईच्या नाकातून रक्त आलं, ते थांबेना. डॉक्टर चक्रावले. मी कॉरिडॉरमध्ये उभा होतो. उशीवरचा लाल डाग दारातून दिसत होता. तेव्हा तरी बोलायचं? मी म्हणालो, “इथे पालेभाजी नाही ना, त्यामुळे चढला असेल.” डॉक्टरांना पटलं. त्यांनी डोस खाली आणला. आई वाचली — माझ्यामुळे नाही.

घरी आली तेव्हा तिची उजवी बाजू लुळी होती आणि बोलणं गेलं होतं. कळत सगळं होतं. आमची आत्या बघायला आली आणि ओटीवर बसून, आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “भाजी खायला घालून सासू बसवली बाईनं. आता बोलणारं तोंडच नाय, सुटली.” दादाने ऐकलं, तिला गप्प केलं नाही. तो कित्येक महिने वहिनीशी कामापुरतंही बोलत नव्हता. एका रविवारी मी गेलो, तर वहिनी घरामागे वाकून अळू उपटत होती, हातांनी, कांद्यासकट. सगळा वाफा तिने साफ केला. नंतर तिचे हात कोपरापर्यंत खाजून लाल झाले, आणि ती चिंच चोळत बसली. मी डबी भरत होतो. मध्ये दार उघडं होतं.

आणि आता ते. इतका वेळ त्याच्याभोवतीच फिरतो आहे.

आईला चहाबरोबर बिस्कीट द्यायचे. एकदा मी समोर बसलो असताना तिने डाव्या हाताने ताटलीवर बिस्कीट दाबून तोडलं. बरोबर मधोमध. अर्धा तुकडा तळहातावर घेतला आणि माझ्यापुढे धरला. माझ्याकडे बघत राहिली. मग वहिनीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे, आणि तो अर्धा तुकडा वहिनीपुढे धरला. तोंडातून आवाज काढत होती, मान हलवत होती. रागावलेली नव्हती हो. तिला फक्त सांगायचं होतं. सुनेला सोडवायचं होतं.

वहिनीने मला विचारलं, “काय म्हणतात, भाऊजी?”

मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकतो. तुम्ही विश्वासही ठेवाल. पण मला त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी म्हणालो, “अर्धंच पुरे म्हणते.”

आईचा हात तसाच हवेत राहिला. मग तिने तो खाली घेतला.

त्या दिवसापासून तिला सगळं अर्धं वाढायला लागले. अर्धी भाकरी, अर्धी वाटी भात. वहिनीला वाटायचं, आपण त्यांची एक तरी इच्छा ओळखली. आईने आणखी दोन-चारदा तसं केलं. बिस्कीट, पापड, एकदा तर पानावरचा केळ्याचा तुकडा. दर वेळी वहिनी लगेच म्हणायची, “हो हो आई, अर्धंच.” मग आईने सोडून दिलं. माझ्याकडे बघायचंही तिने हळूहळू सोडलं. मी गेलो की ती डोळे मिटून घ्यायची. झडपेची टिकटिक ऐकू यायची, म्हणून ती जागी आहे हे कळायचं — झोपेतही ती ऐकू येते म्हणा. पण मला कळायचं.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती गेली. तोवर डबी मीच भरत होतो. एकदाही चुकलो नाही.

मी वाईट माणूस नाही, असं सांगायला हे लिहीत नाही. आईच्या आजारपणात मी खूप धावपळ केली, हे खरं आहे, पण त्याने काही फिटत नाही. भाजीनेही थोडा फरक पडला असेल, असं वर लिहिलं. तेही सूट मागायला नाही, खरं आहे म्हणून लिहिलं. आणि इतक्या वर्षांनी आत्ताच का? त्याचं कारण आहे.

या पावसाळ्यात वहिनीचा पाय सुजला. पोटरीतल्या शिरेत गुठळी निघाली. डॉक्टरांनी तिला तीच गोळी सुरू केली आहे. तोच आकडा, तीच तपासणी. ऐकून तिने पहिलं विचारलं ते एवढंच, “पालेभाजी अजिबात नको ना?” डॉक्टर म्हणाले, खा की, बेतात खा. ती म्हणाली, “नको. आमच्या घरात मी ती शिजवत नाही.” त्यानंतर दादाने मला फोन केला. “सुरेश, तिला त्या गोळ्यांचं काही कळत नाही. ती म्हणते, डबी भाऊजींनीच भरावी.”

गेल्या आठवड्यात, पितृपक्षात, आईची तिथी होती. मी मोरिवलीला गेलो. घरात ऋषीची भाजी आता होत नाही, मागचा वाफा फरशी टाकून बुजवलाय. वहिनी सुजलेला पाय पुढे टाकून चुलीपाशी बसली होती, तांदळाच्या भाकऱ्या थापत. आईचं पान वाढलं. वहिनीने तव्यावरची गरम भाकरी घेतली, फुंकर मारत मधोमध मोडली, आणि अर्धी पानावर ठेवली.

“आईंना अर्धीच लागायची,” ती म्हणाली. उरलेली अर्धी तिने माझ्या ताटात वाढली.

मी ती खाल्ली.

जेवणं झाली. तिने गोळ्यांची पाकिटं आणि डबी आणून माझ्यापुढे ठेवली. आईचीच डबी, धुऊन ठेवलेली. मी हात पुसले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जे लिहिलं होतं तेच, एकेक कप्पा उघडून भरलं. आख्ख्या गोळ्या. वहिनी शेजारी बसून बघत होती, आणि दादा तिच्या मागे उभा होता.

झाकण लावलं, तेव्हा तिने विचारलं, “नीट बघितलंत ना भाऊजी?”

मी म्हणालो, “हो.”